चंद्रव्वाचा डावा कान

नीलमनगरात चंद्रव्वाशी भांडून जिंकलेलं माणूस अजून जन्माला यायचं आहे, असं सगळे म्हणत. त्यात कौतुक कमी आणि धास्ती जास्त. चार दिवसांनी नळाला पाणी यायचं तेव्हा आधी चंद्रव्वाचा आवाज यायचा, मग पाणी. पण तिचं भांडण म्हणजे नुसती आरडाओरड नव्हती. समोरची काय बोलते ते ती कंबरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मग तिचाच शब्द उचलून तिच्याच गळ्यात घालायची. गेल्या संक्रांतीला तू काय म्हणालीस, कुठं उभी राहून म्हणालीस, सगळं पाठ. जीभ काय, सगळ्यांनाच असते. चंद्रव्वाचं खरं हत्यार तिचे कान होते.

ही मंद्रूपची पोर लग्न होऊन सोलापुरात आली आणि दुसऱ्याच वर्षी कारखान्यात कांडी भरायला लागली. आमच्याकडं कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली टॉवेल विणणारे सोळा माग, आणि बाजूच्या खोलीत कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायका. मागाच्या खडखडाटात माणसाचा आवाज दोन हातसुद्धा जात नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. समोरचा ओठ बघतो आणि समजून घेतो. सूत संपलं, मुकादम आला, अमक्याला काल बायकोनं बदडलं, सगळ्या बातम्या सोळा माग ओलांडून अशाच जातात. चंद्रव्वा आणि तिच्या शेजारच्या मशीनवरची सायराबानू बावीस वर्षं अशा बोलत आल्या होत्या. बाहेरच्यांना वाटतं, कारखान्यात हातवारे चालतात. चंद्रव्वाच्या नवऱ्यालाही तसंच वाटायचं. तो कधी कारखान्याच्या दारात उभा राहिला नव्हता.

नवरा निंगप्पा. चिंचोळी एमआयडीसीतून माल भरून हैदराबाद, सुरत, कुठं कुठं ट्रक न्यायचा. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर आणि उरलेले दहा गणपती मंडळाच्या कट्ट्यावर. घरात बायको बोलते म्हणून हा गप्प आणि बाहेर कार्यकर्ता. त्याचं एक मोठं पुण्यकर्म होतं: रक्तदान. मंडळाचं शिबिर लागलं की पहिल्या खाटेवर निंगप्पा. घराच्या भिंतीवर देवाच्या तसबिरी दोन आणि ह्याची रक्तदानाची प्रमाणपत्रं चौदा, तीही काचेच्या चौकटीत. मंडळानं फ्लेक्सवर त्याचा फोटो छापून खाली 'रक्तवीर' लिहिलं, तेव्हापासून तर तो आरशात बघताना मान तिरकी करायचा.

मागच्या नवरात्रात ह्या रक्तवीराला कुत्रं चावलं. निदान त्यानं घरी तसं सांगितलं. तीन सोमवार तो दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला गेला आणि तिन्ही वेळा कुल्ला धरून लंगडत आला. चंद्रव्वानं विचारलं, "कुत्र्याचं इंजेक्शन दंडात देत्यात की आता. तुमाला खाली कसं दिलं?" तर म्हणाला, "कुत्रं मोठं हुतं." कुत्रं चावलं तिथं दाखवा म्हटलं तर अंगावर आला. ती इतरांची कातडी सोलणारी बाई, पण ह्या वेळी तिनं विषय सोडला. दिवाळी तोंडावर आली होती, कारखान्यात काम तुंबलं होतं.

दिवाळीत तिच्या तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उठले. खाज नाही, दुखणं नाही. मुकादम म्हणाला, सुताचा रंग बाधला. मग केस पुंजक्या-पुंजक्यानं जायला लागले. बायका म्हणाल्या, कारखान्यातली धूळ. गड्ड्याची जत्रा भरली त्या जानेवारीत उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली, कुकरखालचा गॅस बंद करायचा राहून गेल्यासारखी. उठून उभं राहिलं की घर फिरायचं. उन्हाळा लागेपर्यंत उजवा कान पुरता गेला. आणि आषाढात डाव्याचा आवाज रोज थोडा थोडा खाली यायला लागला.

ह्यावर सोलापूरचं एकच उत्तर असतं: माग. माग चालवणाऱ्याचे कान जायचेच. पन्नाशीच्या विणकराला चांगलं ऐकू आलं तर लोक विचारतात, तू नक्की काम करतोस ना? त्यासाठी कुणी डॉक्टरकडं जात नाही, जसं केस पिकले म्हणून कुणी जात नाही. चंद्रव्वा भांडली. मी मागावर नाही, बाजूच्या खोलीत बसते. माझ्या मांडीला मांडी लावून सायराबानू बसते, तिचे कान कसे शाबूत? माग कान खातो तो वीस वर्षं घेऊन, माझे सहा महिन्यांत कसे खाल्ले? प्रश्न बिनतोड होते. पण उत्तर कुणी दिलं तरी तिला ते धड ऐकू येत नव्हतं. एका खाजगी कानाच्या डॉक्टरनं तर ती आत शिरताच विचारलं, "काम कुठं करता?" कारखाना म्हटल्यावर त्यानं पुढं तपासलंच नाही, मशीन लावा म्हणून चिठ्ठी लिहिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत.

गल्लीनं मात्र सण साजरा केला. वर्षानुवर्षांचा सूड उगवायची संधी मिळाली होती. बायका तिच्या तोंडावर गोड हसत तिला शिव्या द्यायच्या. त्यांना कुठं ठाऊक, की हसताना ओठ जास्तच स्वच्छ दिसतात? चंद्रव्वा सगळं वाचायची, पण ओठ वाचून भांडता येत नाही. तोंड फिरवलं की समोरची मोकळी. मोहोळला दिलेली लेक पायल फोन करायची, तिचं तान्हं बाळ फोनवर रडायचं म्हणे. चंद्रव्वा फोन डाव्या कानाशी दाबून धरायची आणि "ऐकलं ग, ऐकलं," म्हणायची. काही ऐकलेलं नसायचं. असं खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी निंगप्पाचा दोस्त लालसाब घरी आला. तोही ड्रायव्हर, दोघं कैक वर्षं एकाच ट्रान्सपोर्टवर. चंद्रव्वा उंबऱ्याशी सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत बसली होती. दोघांनी आवाजही कमी केला नाही. बहिऱ्या बाईला काय लपवायचं?

लालसाबच्या मिशा ओठांवर आलेल्या, त्याचं बोलणं तिला अर्धंमुर्धं दिसलं. "वो रक्तपेढीवाले बोले थे ना तेरेकू... बीवी कू भी लेके आव करके... उसके कान वोइच बीमारी से तो नै गए?"

निंगप्पा गुळगुळीत दाढी करणारा. त्याचे ओठ फळ्यावर लिहिल्यासारखे दिसत होते. "मागानं गेल्यात. सगळ्यांचंच जात्यात हितं."

"तूने इंजेक्शन लिया ना? उसकू भी दे ना बाबा. बचेंगे थोडे तो."

निंगप्पानं बायकोकडं पाहिलं. ती खडे निवडत होती. "सांगू कसं? कुटनं आनलं म्हनून इचारंल की. आन् खरं सांगू का लालसाब, बहिरी हाय तेच बरं हाय. चोवीस वर्सांनी घर गार झालंय."

मग तो हसला. लालसाब हसला नाही, एवढं चंद्रव्वानं पाहून ठेवलं.

तिनं खड्यांबरोबर ओंजळभर चांगली ज्वारी अंगणात फेकली आणि तिला ते कळलंही नाही. आता एकेक गोष्ट आपली आपण जागेवर बसत होती. शिवजयंतीच्या शिबिरात शुगरचं कारण सांगून त्यानं रक्त दिलं नाही, आणि भिंतीवर पंधरावी चौकट आली नाही. त्याआधी गणपतीत दिलेलं रक्त तपासताना रक्तपेढीला काहीतरी सापडलं असणार. त्यांनी ह्याला बोलावलं, सांगितलं, बायकोला आण म्हणून बजावलं. हा गेला, तीन सोमवार आपली इंजेक्शनं टोचून घेतली आणि मोकळा झाला. आणि घरी येऊन कुत्र्यावर घातलं. वरवंटा हाताशी होता. ह्या माणसाच्या डोक्यात घालावा आणि मग काय व्हायचं ते होऊ दे, असं तिला मनापासून वाटलं.

पण घालून काय? भांडण मांडलं तर हा भिंतीकडं तोंड करून बोलेल, आणि तो काय म्हणाला ते तिला कधीच कळणार नाही. उत्तर ऐकू येत नसेल तर ते भांडण कसलं, ती नुसती बोंब. चंद्रव्वानं सूप आपटून ज्वारी सारखी केली. आधी कान, तिनं ठरवलं. मग तू.

सोमवारी तिनं खाडा केला. सायराबानूनंही केला. "चल, मैं आती. तू अकेली कायकू जाती?" एवढंच ती ओठांनी म्हणाली, आणि दोघी सरकारी दवाखान्यात गेल्या.

तिथली डॉक्टर, ऋतुजा तिचं नाव, वयानं पायलपेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठी. तोंडावर मास्क लावून काहीतरी विचारत राहिली. चंद्रव्वानं टेबलावर हात आपटला. "ते फडकं काढा की आदी! ओट दिसल्याबिगर मला काय कळनार?" पोरगी दचकली, पण तिनं मास्क काढला. मग चंद्रव्वानं तळहाताचे डाग, केस, शिट्टी, नवऱ्याची तीन इंजेक्शनं आणि रक्तपेढी, सगळं एका दमात सांगितलं. मागाचं नाव तिनं काढलं नाही आणि डॉक्टरनंही काढलं नाही. तिनं रक्त तपासायला दिलं, कानाला डबे लावून काचेच्या खोलीत बसवलं, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं.

चौथ्या दिवशी डॉक्टर समोर खुर्ची ओढून बसली आणि ओठ सावकाश हलवत बोलली. "मावशी, हा उपदंश आहे. जुनी माणसं गरमी म्हणायची. शरीरसंबंधातून येतो. तो तुमच्या कानाच्या नसेपर्यंत गेलाय. उजव्याची आशा मी दाखवत नाही. डावा अजून जिवंत आहे. चौदा दिवस भरती व्हावं लागेल, दर चार तासांनी शिरेतून पेनिसिलिन. थोडं तरी परत येईल असं मला वाटतं, पण शब्द देत नाही. सहा महिने आधी आला असतात तर..."

"मी?" चंद्रव्वा म्हणाली. "मी उशीर केला?"

डॉक्टरनं केसपेपर पुढं ओढला. मग म्हणाली, "नवऱ्यालाही बोलवायला हवं."

"त्येचं झालंय," चंद्रव्वा म्हणाली. "त्येला कुत्रं चावलं हुतं."

निंगप्पा हैदराबादहून परतला तो तिसऱ्या दिवशी थेट वॉर्डात. कुणाला विचारून भरती झालीस, इथपासून सुरुवात. मग कागदावरचं आजाराचं नाव त्यानं वाचलं. ते नाव त्याला नवीन नव्हतं. पण गडी ट्रक चालवून चालवून वळणं घेण्यात पटाईत झालेला. त्यानं तिथंच, बारा खाटांच्या वॉर्डात, नरड्याच्या शिरा ताणून विचारलं, "कुटं शेन खाल्लीस? मी रस्त्यावर मरतोय आन् तू कारखान्यात कुनाबरूबर...?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. चंद्रव्वा हाताला सुई लावून पडली होती. तिनं त्याच्या ओठांकडं शेवटच्या शब्दापर्यंत पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. सगळ्या आयुष्यात तिनं एवढा राग गिळला नव्हता. निंगप्पाला वाटलं, बाई वरमली. त्यानं जी भीती धरली होती ती सुटली आणि तो आणखी मोकाट झाला. संध्याकाळपर्यंत पानटपरीवर, मंडळात, गल्लीत एकच बातमी. बाईला वाईट रोग, कारखान्यातनं आणला, बिचारा रक्तवीर.

पायल मोहोळहून आली. खाटेच्या पायथ्याशीच उभी राहिली, बाळाला घरी ठेवून आली होती. तिनं ओठांनी विचारलं, "अव्वा, आप्पा म्हणतात ते खरं हाय का?"

नवऱ्याचं बोलणं तिनं गिळलं होतं. हे गिळवेना. "तुज्या बापाला इचार जा, कुत्रं कुटं चावलं हुतं," चंद्रव्वा म्हणाली आणि कूस वळली. पायलला त्यातलं काही कळलं नाही. ती रागानं निघून गेली, आणि चंद्रव्वा उशीत तोंड खुपसून रडली. रोज संध्याकाळी कारखाना सुटल्यावर डबा घेऊन येणारी एकटी सायराबानू तेवढी उरली.

अकराव्या दिवशी सकाळी सलाइनचा स्टँड ढकलत नर्स आली, तेव्हा कुठंतरी काहीतरी चिरकलं. चंद्रव्वानं मान वळवली. नर्सनं स्टँड पुढं नेला, पुन्हा चिरकलं. त्याचं चाक गंजलेलं होतं. "ते मागं घ्या," चंद्रव्वा म्हणाली. "पुना आना." नर्स कंटाळली, पण चंद्रव्वानं तिला तीन वेळा तो स्टँड दारापर्यंत न्यायला-आणायला लावला.

डिस्चार्जच्या दिवशी काचेच्या खोलीत पुन्हा तपासलं. उजवा कान मेलेलाच. डाव्यात निम्म्याहून थोडं जास्त परत आलं होतं. औषधं पुढं चालू, तपासण्या पुढं चालू. ही गोष्ट तिनं सायराबानूखेरीज कुणाला सांगितली नाही. आणि मग ती घरी आली आणि आठ दिवस बहिरी राहिली.

त्या आठ दिवसांत तिनं गल्ली ऐकली. नळावर कोण काय म्हणालं, किराणा दुकानात कोण तिच्यापासून सरकून उभं राहिलं आणि काय बोललं, मुकादमानं तिची कांडीची जागा कुणाला द्यायची ठरवलं. निंगप्पा बाहेरच्या खोलीत झोपायचा आणि फोनवर म्हणायचा, "टाकून दिली असती, पर मानूसकी हाय." ती भाकरी थापत असायची. भाकरी एकही फाटली नाही.

गणपती बसले. पाचव्या दिवशी मंडळाचं रक्तदान शिबिर. मांडवात सहा खाटा, रक्तपेढीच्या पोरी, बिस्किटं, चहा, आणि दाराशी टेबल मांडून छातीला बिल्ला लावलेला निंगप्पा. रक्त तो ह्या वेळीही देणार नव्हता, शुगर होती ना. वर फ्लेक्सवर फोटो मात्र होता. गौरीला आलेली पायल बाळाला काखेत घेऊन बायकांत उभी होती. लालसाब खुर्च्या लावत होता.

चंद्रव्वा इरकलीचं चांगलं लुगडं नेसून रांगेत उभी राहिली. पुढच्या दोघी तिला बघून बाजूला झाल्या, तेवढाच तिचा नंबर लवकर आला. रक्तपेढीच्या पोरीनं अर्ज पुढं घेतला आणि नेहमीचे प्रश्न वाचायला लागली. कावीळ झाली होती का? मलेरिया? दुसरा काही आजार?

"व्हय," चंद्रव्वा म्हणाली. बोलली ती नळावरच्या आवाजात. अख्खा मांडव वळला. "गरमी झालती. माजं रक्त घिऊ नगा, मला ठावं हाय. पर अर्जात लिवा. नवऱ्याकडनं झाली. त्येला तुमच्याच लोकांनी मागल्या गणपतीनंतर बोलवून सांगितलं हुतं, बायकूला घिऊन ये. त्येनं गुमान आपली इंजेक्शनं घेतली आन् मला बहिरी हूं दिलं."

पोरीचं पेन हातातच राहिलं. निंगप्पा खुर्ची पाडून उठला. "डोस्कं फिरलंय हिचं! आजारानं फिरलंय! तिला ऐकाय बी येत न्हाय..."

तो तिच्या उजव्या अंगाला येऊन दंड धरायला लागला. तिनं हात झटकला. घरात ती त्याला कितीही बोलली तरी आजवर 'तुमी' म्हणूनच बोलली होती.

"डाव्या बाजूला ये," ती म्हणाली. "उजवा तू खाल्लास. आन् सांग समद्यांना, कुत्रं कुटं चावलं हुतं? सोड ईजार, दाव."

मांडवात कुणी हसलं नाही. चंद्रव्वानं लालसाबकडं पाहिलं. "लालसाबभाऊ, तुमी हुता तवा. 'बहिरी हाय तेच बरं हाय, चोवीस वर्सांनी घर गार झालंय.' ह्यो शब्द कुनाचा?"

लालसाबनं हातातली खुर्ची खाली ठेवली. "निंगप्पाचा," तो म्हणाला, आणि जमिनीकडं बघत राहिला.

निंगप्पाच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यानं एकदा फ्लेक्सकडं पाहिलं, एकदा पायलकडं. पायल बाळाला घट्ट धरून बापाकडं बघत होती. मग तो खरंच वळसा घालून चंद्रव्वाच्या डाव्या बाजूला आला आणि ओठ फार न हलवता, अगदी हळू म्हणाला, "घरी चल चंद्रव्वा. लोकं ऐकायलेत."

कान गेल्यापासून त्यानं तिच्याशी बोललेलं एखादं वाक्य तिला पहिल्यांदाच पुरतं ऐकू आलं होतं.

"ऐकू देत की," ती म्हणाली. "मीबी ऐकायलेय. बोल आता."

आणि तिनं पदर कानामागं खोचला, दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि तो काय बोलतो त्याची वाट बघत उभी राहिली.